बारा कोनांचा दगड

मुलांनो, कळसूबाईचं शिखर चढलायत कधी? उंची १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक! आता त्याच्या दुपटीहूनही उंचावर एक अख्खं शहर आहे, असं सांगितलं तर? शाळा, बाजार, चौक, गर्दी, सगळं सुमारे ३४०० मीटरवर! दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलं हे कुस्को, इंका सम्राटांची जुनी राजधानी.

चला, आज तिकडेच फेरफटका मारू. पण सावकाश हं! इथली हवा विरळ. एक जिना चढलात तरी धाप लागते, डोकं ठणकतं. म्हणून पहिल्या दिवशी आराम करायचा, पाणी प्यायचं आणि बेताचंच जेवायचं.

दुसऱ्या दिवशी हातुन रुमियोक नावाच्या अरुंद गल्लीत जायचं. केचुआ भाषेतल्या या नावातच 'मोठा दगड' आहे बरं का! गल्लीच्या एका बाजूला इंकांच्या राजवाड्याची भिंत. तिच्यातल्या एका दगडाला मोजून बारा कोन. शेजारचे दगड त्याला असे चपखल बसलेत की फटीत पातं शिरणार नाही. मध्ये ना चुना, ना माती. शिवाय इंकांकडे लोखंडी अवजारं नव्हतीच. कठीण दगडाने दुसरा दगड ठोकत, घासत त्यांनी हे कोन घडवले.

१५३३ साली स्पॅनिश सैन्याने कुस्को घेतलं. कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे लुटले गेले आणि त्याच भिंतींवर चर्च उभं राहिलं. १६५० मध्ये मोठा भूकंप झाला, १९५० मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा चर्चची पडझड झाली; खालच्या इंका भिंती मात्र उभ्याच! कारण काय? या भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या असतात, दारं-कोनाडेही वर निमुळते. धक्का बसला की दगड जरासे हलतात आणि परत आपापल्या खाचेत बसतात.

लढाई झाली, लूट झाली, भूकंप झाले. बारा कोनांचा दगड टिकला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने त्याच्यावर हातोडीसारख्या हत्याराने घाव घातले! टवके उडाले. त्या माणसाला पकडलं. पण उडालेले टवके परत कसे येणार?

"काय वेडा माणूस!" म्हणालात ना? थांबा जरा. आपल्या किल्ल्यांच्या भिंती आठवा. बाण, बदाम, नावं, तारखा. कुणी कोळशाने लिहिलेली, कुणी किल्लीने कोरलेली. ते लोक काही हातोडी घेऊन आले नव्हते. सहलीला आले होते, तुमच्या-आमच्यासारखेच.

कुस्कोला जायचं तेव्हा जाल. शाळेची सहल मात्र दर वर्षी निघते. तिथे एखादा मित्र खिशातून किल्ली काढून भिंतीकडे वळला, तर त्याला या दगडाची गोष्ट सांगाल?