मरतूक सुरू होण्याआधी

पहाटे साडेचार

कोजागरी उलटली की काशीचा कार्तिक लागतो. आमच्या मराठी घरात मात्र अजून आश्विनच असतो. पंचगंगेला स्नानासाठी निघालेल्या बायकांमधून वाट काढत मी बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरते. पुराचा गाळ खालच्या पायऱ्यांवरून पुरता निघालेला नाही. इथल्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेब वर्षानुवर्षं रियाज करायचे, हे घाटावर येणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतं. घाटासमोरच्या पाण्यात आज कोणते मासे राहतात हेही सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

नाववाल्या निषादभैयांनी रात्रीचं जाळं नुकतंच ओढलंय. टोपलीत रोहू एखाददुसरा, बाकी सायप्रिनस आणि तिलापिया. दोन्ही परदेशी. तळ्यांमधून, बंधाऱ्यांमधून सुटलेले हे मासे प्रयागराज ते वाराणसी या पट्ट्यात आता ठाण मांडून बसलेत. ‘‘दीदी, बघून घ्या,’’ म्हणत भैया टोपली पुढे करतात. मी तिलापियाचे डोळे, कल्ले, खवल्यांखालची कातडी बघते. आज सगळं स्वच्छ आहे. तळ्याला बांध असतो, तिथे आजार अडवता येतो. तो या पात्रात उतरला तर अडवायला काहीच नाही, म्हणून रोजचं काम इथून सुरू करते.

सहा

राजघाटाच्या पुलावरून चंदौलीकडे. तळं ऊन चढण्याआधी बघावं लागतं. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू वापरतात, तयार करत नाहीत. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. प्राणवायूच कमी पडला असेल, तर तळ्यातले सगळ्या जातींचे मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि ऊन चढलं की बहुतेक खाली जातात. विषाणूचा आजार तसा वागत नाही. तो बहुधा एखाद्याच जातीला धरतो. पहिल्या दिवशी चार-दोन, मग रोज वाढत जाणारे मेलेले मासे, आणि ऊन आलं तरी उतार नाही. नऊ वाजता पोहोचलात तर हा फरक हातचा गेला.

पावणेसात

आजच्या तळ्यात तिलापिया आणि रोहू एकत्र आहेत. रोहू ठणठणीत, तिलापिया काठाला येऊन सुस्त तरंगतोय. अंग काळवंडलेलं, काहींची कातडी सोललेली, काहींचे डोळे धुरकट. चारा टाकला तरी हलत नाहीत. तळ्याचे मालक, ज्यांना मी चाचा म्हणते, हताश उभे आहेत.

‘‘डॉक्टर मॅडम, ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यात मिसळलं. दुकानदारानंच दिलं. चार दिवस झाले.’’

‘‘चाचा, फरक?’’

‘‘काही नाही. रोज जास्तच मरतायत.’’

हे वाक्य मी किती तळ्यांवर ऐकलंय! प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. पैसा जातो, औषधाचा अंश माशात उरतो, पाण्यातले जिवाणू औषधाला सरावतात आणि आजार तसाच पुढे सरकतो. तरीही चाचांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. तळं डोळ्यांदेखत मरत असताना माणूस काहीतरी करणारच. त्याला वेळेवर खरं सांगणारं कोणी जवळ नसतं, खरी अडचण ती.

नुसतं बघून मलाही छातीठोक सांगता येत नाही. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूनेही तिलापियाचे डोळे बिघडतात. म्हणून नमुने घ्यायचे, आणि ते मेलेल्या माशाचे नव्हे. मेलेला मासा गरम पाण्यात तासाभरात सडू लागतो, त्यात भलतेच जिवाणू शिरतात. मरणपंथाला लागलेले पण जिवंत मासे निवडते. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू. प्रत्येकाचा बारीक तुकडा अल्कोहोलात, दुसरा फॉर्मलिनमध्ये. अल्कोहोलातला जनुकीय तपासणीला, फॉर्मलिनमधला सूक्ष्मदर्शकाखाली. संशय तिलापिया लेक विषाणूचा आहे. या आजारात यकृतातल्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी झालेली दिसू शकते.

मग चाचांना कामाला लावते. मेलेले मासे कालव्यात टाकायचे नाहीत, घारी-कुत्र्यांना मिळू द्यायचे नाहीत. बांधापासून दूर खोल खड्डा, वर चुना, वर माती. या तळ्याचं पाणी बाहेर सोडायचं नाही. जाळं, टोपल्या, चपला इथेच राहतील. शेजारचे दोघं जाळं मागायला येतील, त्यांना नाही म्हणायचं.

‘‘भाऊबंद आहेत मॅडम, नाही कसं म्हणू?’’

‘‘त्यांचं तळं वाचवायचंय ना? मग हीच भाऊबंदकी.’’

‘‘आणि हे मासे आम्ही खाल्ले तर?’’ मागून त्यांच्या सूनबाई विचारतात. हा विषाणू माणसाला लागत असल्याचा पुरावा नाही, हे मी त्यांना ठामपणे सांगते. पण आजारी मासा बाजारात नेऊ नका, बर्फात घालूनही नको. गोठवल्याने हा विषाणू लगेच मरत नाही, आणि मासा धुतलेलं पाणी कुठल्यातरी ओढ्यात जातंच.

अकरा

पंगसचं तळं. मासे चाऱ्यावर तुटून पडतायत. इथे येण्याआधी कपडे बदलले, बूट ब्लीचिंगच्या पाण्यातून काढले. वहीत नोंद करून निघते.

दुपारी दोन

नमुने लखनौला पाठवण्यासाठी बांधते. तिथल्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे देशभरच्या जलचर रोगांच्या पाळतीचा समन्वय आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. आरटी-पीसीआर हा शब्द करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचला. माशांसाठीही चाचणी तीच, कारण तिलापिया लेक हाही आरएनए विषाणूच, त्याचा जीनोम दहा तुकड्यांचा.

इस्राएलमध्ये २००९ पासून गालील सरोवरातले आणि तळ्यांमधले तिलापिया झपाट्याने कमी होऊ लागले. कारणीभूत विषाणूची ओळख २०१४ मध्ये पटली. मे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगाला इशारा दिला. पुढच्याच वर्षी पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या तळ्यांत तो सापडल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. मधल्या सगळ्या वर्षांत बोटुकली एका देशातून दुसऱ्या देशात जात राहिली. बाधित मादीकडून तो अंड्यांत उतरू शकतो, म्हणजे वरवर सुदृढ दिसणाऱ्या बीजाच्या पिशवीतून तो आपल्या हातानेच तळ्यात सोडला जातो. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते. स्वस्त बीज, पावती नाही, कोणत्या प्रजनन केंद्रातलं याचा पत्ता नाही, असा सौदा चाचांनीही केला होता.

चार

पेणजवळ काम करणाऱ्या माझ्या वर्सोव्याच्या वर्गमित्राचा फोन. तो जिताड्याच्या मागे असतो. रायगडच्या खारेपाटात जिताडा म्हणजे जावयाच्या ताटातला मासा. त्याच्या पिल्लांना बीटानोडाव्हायरस ग्रासतो. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात पोकळ्या पडतात आणि पिल्लं गिरक्या घेत मरतात. तोही प्रजनक माशांकडून पिल्लांत येऊ शकतो. ‘‘बीज घेताना तपासणीचा कागद मागा म्हटलं, की लोक माझ्याकडे बघत राहतात,’’ तो सांगतो. उजनीच्या चिलापीचं, म्हणजे तिलापियाचं काय, असं मी विचारते. भिगवण-इंदापूरच्या किती मच्छीमारांचं घर तिच्यावर चालतं, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या जलाशयात आजार पसरला तर चुना टाकून भागायचं नाही. त्यामुळे बोलणं पुन्हा बीजावरच येतं. दोघांची वही उघडी, कोणत्या जिल्ह्यात कुठून बीज येतं ते आम्ही लिहून काढतो.

साडेसहा

घाटावर परत. गंगेत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडण्याचा कार्यक्रम वेळोवेळी होतो. बराकपूरची मत्स्य संशोधन संस्था गंगेतल्याच माशांपासून ते बीज तयार करते. मला हे काम मनापासून आवडतं, देशी मासा परत यावा म्हणून ते हवंच. पण श्रद्धेने बाजारातून मासे विकत घेऊन नदीत सोडणारेही अनेक आहेत. आज एका कुटुंबाच्या हातात तिलापियाची भरलेली पिशवी होती. पाण्यात उतरण्याआधी मी त्यांच्याशी बोलले. आजींनी ऐकून घेतलं आणि पिशवी नातवाकडे दिली. निषादभैयांनी ती ठेवून घेतली, तेही आता लोकांना सांगतात.

रात्री नऊ

आईने वरणभात वाढलाय, तेवढ्यात चाचांचा फोन. शेजारी जाळं मागायला आलेच.

‘‘काय सांगितलंत?’’

‘‘नाही म्हटलं. रुसला. म्हणतो, उद्या त्याच्या तळ्यात बीज पडायचंय.’’

‘‘कुठून आणलंय?’’

‘‘जिथून मी आणलं होतं, तिथूनच.’’

मी त्या शेजाऱ्यांचा नंबर मागून घेते आणि जेवण बाजूला ठेवून आधी त्यांना फोन लावते.