मुळा झोंबतो तेव्हा

ताजा, पांढरा, अख्खा मुळा धुवून नाकाशी धरा. मातीचा थोडा ओलसर वास येईल, बाकी काही नाही. आता त्याचं निमुळतं टोक बारीक किसणीवर घासा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि कीस नाकाजवळ न्या. डोळ्यांत पाणी उभं राहतं! मला दर वेळी नवल वाटतं ते याचं, की ही झणझण मुळ्यात आधी नव्हतीच. ती आत्ता, किसणीवर तयार झाली.

मुळ्याच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्य असतं. ते स्वतः झोंबत नाही. त्याला फोडणारं मायरोसिनेज नावाचं विकर मुळ्यातच असतं, पण वेगळ्या पेशींत. मुळा शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरी, किसणी किंवा दात लागला की पेशी फुटतात, दोन्ही रस मिसळतात आणि तिखट द्रव्य जन्मतं. कुरतडणाऱ्या अळीसाठी मुळ्याने ही तजवीज करून ठेवली आहे.

मुळा हा मोहरीच्याच कुळातला, आणि मोहरीची हीच करामत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लोणच्यासाठी मोहरी पाणी घालून फेसली की नाकात चढते. फोडणीत तडतडलेली मोहरी मात्र झोंबत नाही, कारण कडकडीत तेलात विकर निकामी होतं. सांबारात शिजलेला मुळा गोडसर लागतो, त्याचंही कारण हेच.

जपानी लोक या भाजीला ‘डाइकॉन’ म्हणतात. अर्थ, मोठं मूळ. आपला मुळा संस्कृत ‘मूलक’वरून आला. दोन दूरच्या भाषांना हिच्याकडे पाहून मूळच आठवावं, याची मला फार गंमत वाटते. डाइकॉन आणि आपला मुळा यांची प्रजाती एकच, आणि आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या वाणांत ‘जॅपनीज व्हाइट’ हे नाव आहेच. जपानात मुळ्याने काय काय रूपं घेतली आहेत! कागोशिमाजवळ, साकुराजिमा ज्वालामुखीच्या राखाळ मातीत, गोल गरगरीत मुळा वाढतो; 2003 साली तिथला एक मुळा 31.1 किलो भरला. पोरसवदा मुलाच्या वजनाचा मुळा! दुसरीकडे मोरिगुची नावाचा मुळा, दोन-तीन सेंटिमीटर जाड आणि मीटरभराहून लांब.

आपल्या हातातला मुळाही नीट पाहण्यासारखा असतो. खालच्या भागावर तंतुमुळांच्या बारीक खाचा दिसतील, समोरासमोर, दोन सरळ रांगांत. पानांजवळचा भाग मात्र गुळगुळीत. कारण तो भाग मूळ नाहीच, रोपाच्या खोडाचा बुंधा आहे! तो गोडसर आणि रसाळ असतो. टोकाकडे जावं तसा तिखटपणा वाढतो. म्हणून जपानी घरांत वरचा भाग कच्चा खायला, मधला शिजवायला आणि टोक किसायला ठेवतात. मुलांसाठी कोशिंबीर करायची तर पानांकडून किसायला घ्यावं, आणि ज्यांना ठसका आवडतो त्यांच्यासाठी टोक राखावं.

घेताना आधी मुळा तळहातावर तोलावा. आकाराच्या मानाने जड लागला की समजावं रस भरलेला आहे. हलका लागला तर तो जून, आतून कापसासारखा पोचट निघण्याची भीती. पाला टवटवीत असावा, साल ताणलेली असावी. पानाचा देठ तोडून पाहिला आणि तो आतून पोकळ निघाला, तर मुळाही बहुधा तसाच.

घरी आल्यावर पहिलं काम, पाला कापून वेगळा करणं. तोडल्यानंतरही पानांतून बाष्प उडत राहतं आणि पानं ते पाणी मुळ्यातून ओढतात. पाल्यासकट ठेवलेला मुळा दोन दिवसांत लुळा पडतो, तो यामुळे. पाला फेकू मात्र नका. ओल्या फडक्यात गुंडाळा आणि एक-दोन दिवसांत पीठ पेरून भाजी करा. मुळा न धुता कागदात गुंडाळून पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला की आठवडाभर, कधी त्याहून जास्त, चांगला राहतो.

आडवी चकती कापून उजेडाला धरा. सालीच्या आत काही मिलिमीटरवर एक फिकट वर्तुळ दिसेल. त्याबाहेरचा थर तंतूंचा, म्हणून मंद आचेवर अख्ख्या जाड चकत्या शिजवायच्या असतील तर जपानी स्वयंपाकी तिथपर्यंत साल काढतात, आणि त्या चकत्या आधी तांदळाच्या धुवणात उकळतात. त्याने उग्रपणा जातो. धुवण आपल्याकडे रोजच निघतं. एकदा वापरून पाहावं. ती जाड सालही वाया जात नाही, बारीक चिरून तेलावर परतली की कुरकुरीत लागते.

किसल्यावर झणका काही मिनिटं चढतो आणि मग उतरू लागतो, कारण ते तिखट द्रव्य टिकाऊ नाही. पाण्याशी गाठ पडली की ते तुटत जातं. ठसका हवा असेल तर ताटं वाढल्यावर किसावं. नको असेल तर कीस थोडा वेळ ठेवून, पिळून मग दह्यात घालावा. मुळ्याचा डबा उघडताच येणारा तो उग्र वास याच मोडतोडीतून निघतो.

पण तिचा शेवट वासावर होत नाही. जपानात ‘ताकुआन’ लोणच्यासाठी मुळे वाळवतात आणि तांदळाच्या कोंड्यात, मिठात महिनोन्‌महिने दाबून ठेवतात. आता बाजारच्या लोणच्यात रंग घालतात, पण जुन्या रीतीने मुरवलेल्या मुळ्याला त्याची गरज नसते. पांढराशुभ्र आत गेलेला मुळा पिवळा होऊन बाहेर येतो, आणि तो पिवळा रंग आपल्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या त्याच द्रव्यातून बनलेला असतो.