आकाशातून भूगर्भाची पैमाश

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव संत सोनाजी महाराजांच्या देवस्थानामुळे वऱ्हाडात सर्वश्रुत असले, तरी भूविज्ञानाच्या जिज्ञासूला त्याचे महत्त्व निराळ्याच कारणाने वाटते. उत्तरेस अंबाबरव्याचे अरण्य व काळ्या पाषाणाचे डोंगर, दक्षिणेस पूर्णेपर्यंत पसरलेला गाळाचा सपाट मुलूख, आणि या दोहोंच्या सांध्यावर डोंगरी नाल्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा व रेतीचा चिंचोळा पट्टा, अशी या भूमीची ठेवण आहे. पावसाळ्यात फेसाळत उतरणारे नाले या पट्ट्यात शिरताच क्षीण होतात व त्यांचे पाणी गोट्यांखाली मुरते. तेथून थोड्याच कोसांवर मात्र खारपाणपट्टा सुरू होतो, जेथील विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढीत असत आणि ज्या पाण्याशी आज मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंध जोडला जातो. गोडे पाणी कोठे मुरते आणि खारे कोठे सुरू होते, ही हद्द कोणत्याही जमाबंदीच्या नकाशात सापडत नाही.

ही रचना भूकवचाच्या ज्या महान भंगामुळे झाली, त्यास गाविलगड भंग म्हणतात. त्याच्या उत्तरेची भूमी उचलली गेली व दक्षिणेची खचून तिच्यावर गाळ साचत गेला. अमरावती जिल्ह्यात सालबर्डीजवळ लाव्ह्याखालचे पुरातन गाळखडक उघडे पडलेले दिसतात ते याच उलथापालथीमुळे. १८६९ साली भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी तापीचे खोरे व नर्मदेचे खालचे खोरे यांचा भूवैज्ञानिक वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा हातोडा, होकायंत्र आणि पायपीट हीच साधने होती. त्या पिढीच्या परिश्रमांपुढे मस्तक नमवूनही हे म्हणावे लागते की, अरण्याने झाकलेला कडा आणि गाळाने पुरलेला भंग पायी चालणाऱ्यास कधीच पुरता गवसत नाही.

विमानातून भूगर्भ जोखण्याची विद्या युद्धातून जन्मली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी व्हिक्टर व्हॅक्वियर यांनी सिद्ध केलेले चुंबकमापक पुढे तेल व खनिजे यांच्या शोधास लागले. मात्र हे मापन किती नाजूक आहे याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदींचे काम नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेस हलविण्यात आले व १९०४ पासून तेथे नोंदी होऊ लागल्या. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिवसभरात चढते-उतरते. म्हणून विमान वर फिरत असता जमिनीवर एक मापक स्थिर ठेवून तो चढउतार वजा करावाच लागतो.

दख्खनच्या पाषाणात आणखी एक गुंतागुंत आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहकण तत्कालीन चुंबकीय दिशेची मुद्रा धारण करतात, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ती दिशा एकदा उलटी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सहस्रबुद्धे प्रभृतींनी १९५०च्या दशकात या उलट्या मुद्रेचा अभ्यास केला. परिणामी, एकाच जातीचे दोन थर विमानातील मापकावर परस्परविरुद्ध खुणा उमटवू शकतात, आणि केवळ चुंबकाच्या भरवशावर नकाशा काढणारा सहज फसतो.

म्हणूनच एकाहून अधिक गुणधर्म मोजावे लागतात. कोयनेच्या दुर्गम डोंगरात, जेथे डिसेंबर १९६७ मध्ये विध्वंसक भूकंप झाला, तेथे चुंबकीय मापनाच्या जोडीला गुरुत्वाकर्षणाच्या सूक्ष्म उतारांचेही हवाई मोजमाप करण्यात आले. प्रत्यक्ष वेधनात सुमारे ९३३ मीटर लाव्ह्याखाली थेट ग्रॅनाइटचा पाया लागला. पुढे २०१६–१७ मध्ये त्याच परिसरातील गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल वेधन झाले. वरून केलेली पाहणी आणि खाली घेतलेले छिद्र यांची अशी सांगड घातल्याखेरीज दोहोंपैकी एकासही पुरते प्रामाण्य येत नाही.

पाण्याच्या शोधात विशेष उपयोगी पडते ती हेलिकॉप्टरची विद्युतचुंबकीय पाहणी. हेलिकॉप्टरखाली दोरांनी लोंबकळणारी एक विस्तीर्ण चौकट जमिनीपासून सुमारे तीस मीटरवरून जात असते. तिच्या तारांच्या वेटोळ्यांतून जोरकस प्रवाह सोडून तो क्षणार्धात तोडला जातो. त्यासरशी जमिनीत प्रेरित प्रवाह उठतात व घंटेच्या नादाप्रमाणे विरत जातात. चिकण मातीत व खाऱ्या पाण्यात ते रेंगाळतात, अभंग पाषाणात तत्काळ मावळतात. सेकंदाच्या लक्षांशापासून मोजलेल्या या विरण्यावरून शे-दोनशे मीटर खोलीपर्यंतचे थर उलगडता येतात. नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोटात केंद्रीय भूजल मंडळ, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि डेन्मार्कचे आर्हूस विद्यापीठ यांनी मिळून हा प्रयोग केला. जेथे लाव्हा गोंडवन नावाच्या पुरातन गाळखडकांवर पसरला आहे, अशा विदर्भाच्याच भूमीत ही पद्धत वापरली गेली, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

डोंगरात हे काम कठीण होते. कड्यावर चढताना चौकटीची उंची राखणे वैमानिकाच्या कौशल्याची कसोटी असते, आणि उंची वाढली की संकेत क्षीण होतो. विजेच्या तारांजवळच्या नोंदी टाकून द्याव्या लागतात. अंबाबरव्याच्या अरण्यासारख्या व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत इतक्या खालून उड्डाण करायचे तर वनखात्याची परवानगी व ऋतूचा विचार हवा, आणि ती अडचण मी मुळीच क्षुल्लक मानीत नाही.

तरीही ही पाहणी सातपुड्याच्या पायथ्याशी व्हावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचे पाणी पायथ्याच्या याच गोट्यांच्या पट्ट्यात मुरवावे हा तिचा हेतू असून तिच्या लाभक्षेत्रात बुलढाणा जिल्हा येतो. पाणी सोडण्यापूर्वी गोटे कोठे खोल आहेत, चिकण मातीचा पडदा कोठे आडवा आला आहे आणि भंगाची रेषा नेमकी कोठून जाते, हे ठाऊक असलेच पाहिजे. भंग स्थूलमानाने पूर्व-पश्चिम धावतो, म्हणून उड्डाणरेषा पूर्णेच्या काठापासून सोनाळ्यावरून डोंगरापर्यंत दक्षिणोत्तर आखाव्यात. चिकण माती आणि खारे पाणी यांची खूण यंत्राला जवळजवळ सारखीच दिसते. तेव्हा त्या रेषांवरील जुन्या विहिरी व बोअर यांच्या पाण्याचा क्षार गावोगाव मोजून ते आकडे आकाशातल्या नोंदींशेजारी मांडण्याची तजवीज आधी करावी, आणि मगच हेलिकॉप्टर बोलवावे.