पेट्रोलचं तापमान: पानेवाडी ते ब्राझील

नांदगाव तालुक्यातल्या पानेवाडीच्या इंधन डेपोंमधून भरलेले टँकर मनमाडमार्गे बाहेर पडतात. त्यातलं पेट्रोल लिटरमध्ये मोजलेलं असतं आणि लिटर उन्हाबरोबर बदलतो. तापमान एका अंशाने वाढलं की पेट्रोल साधारण ०.१ टक्का फुगतं. म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरमध्ये १० अंशांच्या फरकाने सुमारे १२० लिटरचा फरक दिसतो. वजन मात्र तेवढंच राहतं आणि ऊर्जा वजनावर ठरते. म्हणूनच घनता १५ अंश सेल्सिअसला आणून तपासतात.

मोटार शर्यतीत हाच फरक निकालापर्यंत पोहोचतो. थंड पेट्रोल दाट असतं. तेवढ्याच लिटरमध्ये जास्त इंधन मावतं, शिवाय इंजिनात जाणारी हवाही थोडी गार होते. हा फायदा रोखण्यासाठी फॉर्म्युला वनमध्ये इंधन हवेपेक्षा १० अंशांहून अधिक थंड नसावं, असा नियम होता. २००७च्या ब्राझील शर्यतीत विल्यम्स आणि बीएमडब्ल्यू सॉबर या संघांच्या गाड्यांची याच कारणाने चौकशी झाली. त्या बाद झाल्या असत्या, तर सातवा आलेला चालक हॅमिल्टन वर आला असता आणि त्या हंगामाचं विजेतेपद रायकोनेनऐवजी त्याला मिळालं असतं! पण मोजमापाबद्दल शंका राहिली, निकाल कायम राहिला.

उलट इंधन फार तापलं तर गाडीच्या इंधनपंपात वाफ धरते आणि इंजिन गचके खातं.

आपल्या पेट्रोल पंपावरही त्या दिवशीची घनता लिहिलेली असते. शंका आली तर ती तपासून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे.