पारख अठराव्या वर्षी

उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे असतात. आता पहिली पाळी मिळाली म्हणजे घबाडच मिळाले, असे आपल्याला वाटेल. पण निवडायचा असतो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, आणि पारख करायची ती त्याच्या पंचविशीची!

२००० सालचेच पाहा. न्यूयॉर्क आयलंडर्सने पहिल्या क्रमांकावर घेतला रिक डिपिएत्रो हा गोलरक्षक. न्यूयॉर्क रेंजर्सने हेन्रिक लुंडक्विस्ट हा गोलरक्षक उचलला तो २०५ व्या क्रमांकावर. पुढे २०१२ साली सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळवला तो लुंडक्विस्टने!

मग रेंजर्सची नजर मोठी म्हणायची काय? खात्री असती तर तेही २०५ पर्यंत कशाला थांबते? पोरगा फसता, तर शेवटाकडची एक पाळी वाया जाती, एवढेच.

आयलंडर्सना निवडीपेक्षा करार महाग पडला. २००६ साली त्यांनी डिपिएत्रोशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरांचा करार केला. दुखापतींनी त्याला गाठले. २०१३ साली करार मोडला, तेव्हा दरसाल १५ लाख डॉलर, २०२९ पर्यंत, द्यायचे ठरले.

पारखीत चूक व्हायचीच. ती किती वर्षे निस्तरावी लागेल, याचा हिशेब मात्र सही करण्यापूर्वी मांडता येतो.