रोममधला तरुण हँडेल

‘मसाया’ या रचनेमुळे जगाला माहीत झालेला संगीतकार हँडेल लंडनचा, पन्नाशी उलटलेला. पण त्याच्या समूहगानाचा खरा दरारा ऐकायचा तर १७०७ सालच्या रोममध्ये जावे लागते.

ऑपेराला बंदी

हाले गावचा हा जर्मन तरुण तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. त्याला ओढ ऑपेराची, पण रोममध्ये पोपच्या आदेशाने जाहीर ऑपेरा बंद होता. संगीताला आश्रय होता तो चर्चचा आणि पाम्फिली, ओत्तोबोनी, कोलोन्ना अशा धनाढ्य कार्डिनलांचा. हँडेल प्रोटेस्टंट होता, तरी त्याने कॅथलिक उपासनेसाठी लॅटिन स्तोत्रे संगीतबद्ध केली. रंगभूमीवर जे करता येत नव्हते, ते सारे त्याने या स्तोत्रांत ओतले, असे मला ठामपणे वाटते.

‘दिक्सित दोमिनुस’

यांपैकी ‘दिक्सित दोमिनुस’ ही एप्रिल १७०७ मध्ये पूर्ण झालेली रचना सुमारे अर्ध्या तासाची आहे. बायबलमधले ११० वे स्तोत्र, पाच स्वरभागांचा गायकवृंद, सोबत फक्त तंतुवाद्ये आणि ऑर्गन. कर्णे नाहीत, नगारे नाहीत. तरीही सुरुवातीलाच व्हायोलिने जी मायनरमध्ये अशी झेपावतात की गायकांचा पहिला उद्गार अंगावर येतो.

देवाने शपथ वाहिली, हे वृंद संथ, जड स्वरांत सांगतो. ‘तो ती मोडणार नाही’ म्हणताना लय एकदम धावू लागते. पुढे शत्रूंची मस्तके चिरडण्याचा उल्लेख येतो, तिथे एकाच शब्दाची अक्षरे सुटी करून घणाचे घाव घातल्यासारखी गायली जातात. त्यानंतर लगेच दोन सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका), एकमेकींच्या स्वरांना टेकत, टोचत, वाटेतल्या ओढ्याचे पाणी पिणाऱ्या राजाविषयी गातात आणि खाली पुरुषांचे आवाज एका सुरात जपासारखे चालू राहतात. बावीस वर्षांच्या मुलाला ही वेदना कुठून सुचली, याचे मला नेहमी नवल वाटते.

शेवटच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच सुरावट आवाज एकामागून एक उचलतात त्या भागात, मात्र गायकांची दमछाक होते. आजही कसलेले वृंद त्याला वचकून असतात.

जुलैतली दोन स्तोत्रे

‘लाउदाते पुएरी’वर त्याच वर्षीच्या ८ जुलैची तारीख आहे आणि ‘निसी दोमिनुस’वर १३ जुलैची. पहिल्यात एकल सोप्रानो आणि ओबो उजळून निघतात. दुसरे छोटे आहे, पण त्याच्या आरंभीच्या तंतुवाद्यांच्या लहरी नीट ऐकाव्यात. इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी १७२७ मध्ये हँडेलने रचलेल्या ‘झेडोक द प्रीस्ट’ची चाहूल तिथे लागते.

ऐकायला बसताना आधी स्तोत्राचा मराठी अनुवाद वाचावा आणि मग ‘दिक्सित’ लावावे. जुलैतली दोन स्तोत्रे त्यानंतर.