आपल्या पाटाचा डोंगर : हरिश्चंद्रगड



आवर्तन सुटलं की आपण पाळी कधी येणार ते विचारतो. पाणी कुठून आलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : मुळा धरणातून. खरंच आहे. पण बारागाव नांदूरच्या या २६ टीएमसीच्या धरणात येणारं पाणी आधी अकोले तालुक्यातल्या डोंगरांवर पडतं, आणि त्यात मानाचा डोंगर हरिश्चंद्रगड. उंची सुमारे १,४२० मीटर. गडावरच्या देवळाजवळून निघणारी मंगळगंगा पाचनईकडे उतरून मुळेला मिळते.

हा गड लढाईपेक्षा तपश्चर्येसाठी जास्त ओळखला जातो. १७४७ साली मराठ्यांनी तो मोगलांकडून घेतला, एवढं सांगितलं की पुरे. चांगदेव मात्र इथं राहिले. त्यांच्या 'तत्त्वसार' ग्रंथात या डोंगराचा उल्लेख आहे. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशेजारी केदारेश्वराची गुहा आहे. आत कमरेएवढं गार पाणी, मधोमध भलं मोठं शिवलिंग, आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. हे चार खांब म्हणजे चार युगं. शेवटचा पडला की कलियुग संपणार, असं म्हणतात. आम्ही तो खांब नीट पाहून आलो, अजून भक्कम आहे!

पश्चिमेला कोकणकडा. इथं धुक्यात गोल इंद्रधनुष्य आणि मधे आपलीच सावली दिसते. १८३५ साली कर्नल साइक्स यांनी त्याची नोंद केली आहे. सूर्य पाठीशी आणि धुकं समोर असलं तरच हे जमतं. आम्हाला काही ते दिसलं नाही.

दिसल्या त्या कड्यावर पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या अन् पुड्या. पहिल्या पावसात त्यातलं बरंचसं ओढ्याला लागणार. १९८६ पासून हा भाग अभयारण्यात आहे. पण राखण करणारे थोडे आणि येणारे फार. दुसरी गोष्ट मनाला लागली. पावसाळ्यात जिथं धबधबे कोसळतात, त्याच डोंगरातल्या वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जातात. पाणी उतारानं आपल्याकडे येतं, त्यांच्याकडे थांबत नाही.

महाशिवरात्रीला गडावर गर्दी असते. राजूरहून पाचनईपर्यंत गाडी जाते, पुढं दोन-अडीच तासांची चढण. जाणाऱ्यांनी भाकरी फडक्यात बांधून न्यावी. फडकं परत घरी येतं.